नगरच्या किल्ल्यात नेहरूंनी आधी कुदळ हातात घेतली, मग पेन

पुण्याहून रेल्वेनं नगरला जायचं, तर गाडी पहिल्यांदा दौंडला जायची. दौंड सोडून भीमा ओलांडली की नगर जिल्हा लागतो आणि येतं काष्टी. काष्टी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर जनावरांचा बाजार येतो, बैलांच्या जोड्या येतात, शेजारच्या श्रीगोंद्याची लिंबं येतात. इतिहासाच्या पुस्तकात या गावाचं नाव फारसं येत नाही.

पण तारीख होती ९ ऑगस्ट १९४२. त्या दिवशी याच रुळांवरून एक स्पेशल गाडी नगरच्या दिशेनं गेली. या गाडीत काँग्रेसच्या कार्यकारिणीतले बडे नेते होते. आणि त्यांना कुठं नेतोय हे लोकांना कळू द्यायची इंग्रज सरकारची अजिबात इच्छा नव्हती.

आदल्या रात्री मुंबईत गवालिया टँक मैदानावर छोडो भारतचा ठराव झाला होता. पहाटे धरपकड झाली. व्हीटीवरून गाडी सुटली. गांधीजींना चिंचवडला उतरवून आगाखान पॅलेसला नेलं. मुंबईच्या काही पुढाऱ्यांना खडकीला उतरवलं. पुणे स्टेशनवर लोकांनी नेहरूंना ओळखलं, घोषणा सुरू झाल्या आणि पोलिसांनी लाठ्या चालवल्या. ते बघून नेहरूंनी गाडीच्या खिडकीतून थेट प्लॅटफॉर्मवर उडी मारली. वय वर्षं ५२. पोलिसांनी त्यांना धरून परत डब्यात कोंबलं आणि गाडी दौंड, काष्टीमार्गे नगरला पोचली.

नगरच्या भुईकोट किल्ल्यात नेहरू पुढचे ९६२ दिवस होते. या काळात त्यांनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हे पुस्तक लिहिलं, हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं. पण पुस्तकाचा पहिला शब्द कागदावर पडला तेव्हा किल्ल्यात येऊन वीस महिने उलटून गेले होते. मग हे वीस महिने तो माणूस करत काय होता?

वाचन होतं, चर्चा होत्या, भांडणंही होती. पण रोजचे कित्येक तास, तेही उन्हात, ते अंगणात माती खणत होते.

नेहरूंच्या राजकारणावर सोशल मीडियावर रोज वाद चालतात, ते चालू द्या. आज आपण त्यांच्या हातांबद्दल बोलू. हा माणूस तुरुंगात सूत कातायचा, नवार विणायचा आणि फुलझाडं लावायचा. शेरवानीवरचं गुलाबाचं फूल सगळ्यांना आठवतं. त्या फुलाआधीची कुदळ मात्र कुणी सांगत नाही.

१४ नोव्हेंबर १८८९ ला अलाहाबादला जन्म. वडील मोतीलाल म्हणजे नावाजलेले, प्रचंड कमावणारे वकील. घरात नोकरचाकर, शिकवायला घरी मास्तर, पुढे शिक्षणासाठी इंग्लंडमधलं हॅरो आणि मग केंब्रिजचं ट्रिनिटी कॉलेज. या मुलानं स्वतःच्या हातानं काही करावं अशी वेळ येण्याचं कारणच नव्हतं. पण केंब्रिजला त्यांनी घेतलेले विषय बघा. रसायनशास्त्र, भूगर्भशास्त्र आणि वनस्पतीशास्त्र. १९१० मध्ये ते निसर्गविज्ञान घेऊन पदवीधर झाले. पुढे बॅरिस्टर होऊन आले आणि दगड, माती, झाडं हे सगळं मागं पडलं. ते परत भेटलं तुरुंगात.

पहिली शिक्षा १९२१ च्या डिसेंबरात झाली. लखनौच्या तुरुंगात बापलेक बरोबर होते. नेहरू सकाळी बराक झाडून धुऊन काढायचे, स्वतःचे आणि वडिलांचे कपडे धुवायचे आणि चरख्यावर सूत कातायचे. आनंद भवनात ज्याला पाण्याचा ग्लासही हातात मिळत होता, त्याच्यासाठी ही सुरुवात होती.

मग १९३० साल उजाडलं. मिठाचा सत्याग्रह झाला आणि नेहरूंना नैनीच्या सेंट्रल जेलमध्ये टाकलं. इथं त्यांना ठेवलं ती जागा गोल होती, भोवती उंच भिंत. वर बघितलं की तेवढंच गोल आभाळ. बाकीच्या कैद्यांमध्ये या जागेला कुत्ताघर म्हणायचे. या भिंतीच्या आत नेहरूंनी दिवसाची वाटणी करून घेतली. जवळजवळ तीन तास सूत कताई आणि आणखी दोन-तीन तास नवार विणणं.

नवार म्हणजे काय हे नव्या पिढीला सांगायला हवं. जुन्या पलंगाला, खाटेला पाठीखाली जी जाड सुती पट्टी विणलेली असते, ती नवार. हे काम नाजूक नाही, त्यात कलाकुसर नाही. उभे धागे ताणायचे, आडवा धागा घालायचा, ठोकून घट्ट बसवायचा, परत घालायचा. तासाभरानं हातभर पट्टी झालेली दिसते. नेहरूंना हे काम मनापासून आवडलं होतं आणि त्यांनी आत्मचरित्रात तसं नमूदही केलंय. डोक्याला ताण नाही, मनाची तगमग कमी होते आणि दिवस हातातून निसटून गेल्यासारखा वाटत नाही, असं त्यांचं एकंदर म्हणणं होतं.

बारकाईनं बघितलं तर तुरुंगातला खरा त्रास इथंच आहे. बाहेर देश पेटलेला असतो, रोज काहीतरी घडत असतं आणि तुमच्या हातात काहीच नसतं. कैद्याच्या दिवसातून पहिली गोष्ट जर काय जात असेल, तर आपण केलेल्या कामाचा काही परिणाम दिसणं. हातभर नवार हा परिणाम होता. दिसायचा, मोजता यायचा.

तसं बघायला गेलं तर त्या पिढीतल्या राजकीय कैद्यांची ही परंपराच होती. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत असताना कैदेत चपला बनवल्या आणि त्यातला एक जोड ज्यानं त्यांना तुरुंगात टाकलं त्या जनरल स्मट्सलाच भेट दिला. पेटीत घडी करून ठेवता येईल असा चरखा तर येरवड्याच्या तुरुंगात आकाराला आला आणि त्याला नावच येरवडा चरखा पडलं. १९३२ मध्ये गांधीजींबरोबर येरवड्याला असलेले वल्लभभाई पटेल रद्दी कागदाची पाकिटं बनवत बसायचे. सरदार पटेल कागदाला घड्या घालून खळ लावतायत, हे चित्र एकदा डोळ्यासमोर आणून बघा.

सूत कातणं हे लांबून सोपं दिसतं. प्रत्यक्षात उजव्या हातानं चाक फिरवायचं आणि डाव्या हातातला पेळू त्याच वेळी मागे ओढायचा. ओढ जास्त झाली की धागा तुटतो. कमी झाली की गाठी येतात, सूत जाडंभरडं होतं. घाई केली की दोन्ही होतं. राग आलेला माणूस चांगलं सूत कातू शकत नाही, आणि नेहरूंचा राग तर प्रसिद्ध होता.

या सुताचं पुढं काय झालं, तर त्यातून एक साडी झाली. २६ मार्च १९४२ ला आनंद भवनात इंदिराजींचं फिरोज गांधींशी लग्न लागलं, तेव्हा त्यांनी नेसलेली फिकट गुलाबी खादीची साडी वडिलांनी तुरुंगात कातलेल्या सुताची होती. अंदाज यावा म्हणून सांगतो, साध्या खादीच्या एका साडीला उभं-आडवं मिळून पंधरा-वीस किलोमीटर लांबीचं सूत लागतं. बापानं लेकीसाठी बंद भिंतींच्या आत बसून एवढं अंतर हातानं कापलं होतं. ही साडी पुढं त्या घरातल्या सुनेनं आणि नातीनंही आपापल्या लग्नात नेसली.

आता बागेकडं येऊ.

तुरुंगात बाग करायची सवय नेहरूंना नगरच्या आधीपासून होती. आणि इथं एका मराठी माणसाचं नाव घ्यायला हवं. रणजित सीताराम पंडित. नेहरूंची बहीण विजयालक्ष्मी यांचे पती. मूळ कोकणातलं मराठी घराणं, वडील राजकोटला वकिली करायचे, स्वतः रणजित बॅरिस्टर, संस्कृतचे पंडित आणि फुलझाडांचे वेडे. १९३० मध्ये नैनीला ते नेहरूंच्या बराकीत होते. कल्हणाच्या राजतरंगिणीचा इंग्रजी अनुवाद त्यांनी कैदेत केला, तो १९३५ ला छापून आला आणि प्रस्तावना नेहरूंनी लिहिली. आपल्या मेहुण्याची हीच जोडी पुढं नगरच्या गोष्टीत परत येणार आहे, पण दुःखद बातमी म्हणून.

१९४० च्या शेवटी नेहरू परत आत गेले, यावेळी डेहराडूनला. तिथल्या छोट्याशा अंगणात वाफे करण्यासाठी ते खणत होते. खणता खणता खोलवर दोन जुन्या खांबांचे बुंधे लागले. कुणाला कळेना हे काय आहे. चौकशी केल्यावर समजलं की तीस-चाळीस वर्षांपूर्वी या तुरुंगात फाशी दिली जायची आणि हे त्या फाशीच्या सांगाड्याचे खांब आहेत. फाशी देणं तिथं कधीच बंद झालं होतं, वरचं सगळं काढून टाकलेलं होतं, पण मुळं जमिनीत तशीच राहिली होती. नेहरूंनी आणि सोबतच्या कैद्यांनी मिळून ते बुंधे उपटून काढले. मदत करणाऱ्या सगळ्यांनाच हायसं वाटलं.

त्यानंतर मुंबईहून निघालेली ती गाडी नगरला पोचली.

किल्ल्यात एकूण बारा जण होते. काँग्रेसचे अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद, नेहरू, सरदार पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, असफ अली, पट्टाभी सीतारामय्या, डॉ. सय्यद महमूद, प्रफुल्लचंद्र घोष, हरेकृष्ण महताब आणि आपले शंकरराव देव. मधोमध मोकळं अंगण आणि बाजूनं खोल्या. सुरुवातीला पेपर नाही, पत्र नाही, भेट नाही. आपण कुठं आहोत हे घरच्यांना कळवायचीही सोय नाही. पहिल्या दिवशी जेवण लोखंडी थाळ्यांत आलं, तेव्हा आझादांनी अधिकाऱ्याला सुनावलं आणि चिनी मातीची भांडी आली.

आझाद हा या गोष्टीतला मजेदार माणूस आहे. पहाटे तीन-चार वाजता उठून स्वतः चिनी चहा करायचे, खोलीत घरटं करणाऱ्या चिमण्यांशी आधी लढायचे आणि मग त्यांच्याशी दोस्ती करायचे. तुरुंगाच्या अधिकाऱ्याचं त्यांनी चीता खान असं बारसं केलं. हे नाव चांदबिबीच्या काळातल्या किल्लेदाराचं. बघता बघता सगळेच कैदी त्या अधिकाऱ्याला चीता खान म्हणायला लागले.

अंगण मात्र ओसाड होतं. हिरवं पान नव्हतं. काही दिवसांनी या मंडळींनी ठरवलं की इथं फुलं लावायची. यात पुढाकार कुणाचा होता हे आझादांनी आपल्या आठवणींत स्पष्ट सांगून ठेवलंय, नेहरूंचा. तीस-चाळीस प्रकारच्या फुलांचं बी आणवलं गेलं. वाफे झाले, बी टाकलं, रोज पाणी घालणं, तण काढणं सुरू झालं. देशाचं राजकारण हलवणारी ही माणसं सकाळी उठून कुठल्या वाफ्यात किती कोंब आले ते मोजायची.

एवढं सोपं मात्र नव्हतं ते. नगरच्या माणसाला माती काय असते ते सांगायला नको. पर्जन्यछायेचा भाग, खाली मुरूम, त्याखाली काळा कातळ. त्यात ही किल्ल्याच्या आतली जागा. शेकडो वर्षं इथं बांधकामं झाली, पडली, परत झाली. कुदळ मारली की माती कमी आणि दगड, विटा, चुन्याचे तुकडे जास्त निघायचे. अशा जागी बी टाकून काहीच उपयोग नसतो. आधी खणायचं, दगड वेचून बाहेर काढायचे, ढेकळं फोडायची, खत-माती मिसळायची, पाणी मुरू द्यायचं. नवीन घराच्या आवारात, बिल्डरनं टाकलेल्या राड्यारोड्यावर ज्यांनी कधी जास्वंद लावायचा प्रयत्न केलाय, त्यांना हे लगेच समजेल.

नेहरूंनी हे काम माळ्यावर सोडलं नाही. ते भर उन्हातही तासन्‌तास खणत बसायचे.

आणि खणता खणता नगरचा इतिहास वर यायला लागला.

अहमद निजामशाहनं पंधराव्या शतकाच्या शेवटी हे शहर वसवलं. त्याच्या नातवानं, हुसेन निजामशाहनं १५५९ ते १५६२ मध्ये किल्ल्याचा दगडी कोट उभा केला. आत महाल होते, बागा होत्या. १५९५ च्या शेवटी अकबराचा मुलगा मुराद फौज घेऊन आला. सुरुंग लावून तटाला खिंडार पाडलं, तेव्हा चांदबिबी स्वतः तलवार घेऊन खिंडारात उभी राहिली आणि रातोरात भिंत परत बांधून घेतली. मोगलांना तेव्हा किल्ला मिळाला नाही. १६०० मध्ये तिला तिच्याच माणसांनी मारलं, कारण ती शत्रूला फितूर झाली अशी आवई उठवली गेली. १८०३ मध्ये जनरल वेलस्लीनं किल्ला शिंद्यांकडून घेतला.

या सगळ्यावर माती पसरलेली होती आणि त्या मातीत नेहरूंना फुलं लावायची होती. कुदळीला जुन्या भिंती लागल्या. गाडल्या गेलेल्या इमारतींचे घुमट लागले. म्हणजे हे लोक ज्याला जमीन समजत होते ते कुणाच्यातरी महालाचं छत होतं. एकदा भिंतीच्या कडेला, बहुतेक एखाद्या दरवाजावर असावं, दगडात कोरलेलं सुंदर कमळ सापडलं.

आणखी खोल जायची परवानगी नव्हती. कैद्यांनी किल्ल्यात खोल खड्डे खणणं कुठल्याही जेलरला परवडणार नाही, हे उघड आहे. त्यामुळे कमळाच्या खाली काय होतं, ते तिथंच राहिलं. केंब्रिजला भूगर्भशास्त्र आणि वनस्पतीशास्त्र शिकलेल्या माणसाच्या वाट्याला हे अंगण यावं, हा योगायोग मला फार आवडतो. एकाच खड्ड्यात दोन्ही विषय.

हंगाम आला आणि फुलं फुटली. ओसाड अंगण रंगांनी भरून गेलं. चहाचं वेड असलेल्या आझादांपासून सगळेच त्यात रमले.

पण याच काळात बाहेरून एकेक बातमी येत होती. किल्ल्यात येऊन सहा दिवस होत नाहीत तोच, १५ ऑगस्ट १९४२ ला आगाखान पॅलेसमध्ये महादेवभाई देसाई गेले. १९४३ च्या फेब्रुवारीत गांधीजींनी एकवीस दिवसांचं उपोषण केलं आणि ते जगतात की नाही अशी परिस्थिती आली. एप्रिलमध्ये कलकत्त्याला आझादांच्या पत्नी झुलेखा बेगम वारल्या. त्या आजारी आहेत हे कळलेलं होतं, पण सरकारकडे सुटकेची याचना करायला आझाद तयार झाले नाहीत. शेवटची भेट झाली नाही. १९४४ च्या जानेवारीत रणजित पंडितांच्या निधनाची बातमी आली. तुरुंगात त्यांची तब्येत ढासळली होती, सोडलं तेव्हा उशीर झाला होता. फुलांवर जीव असलेला माणूस गेला, आणि त्याचा मेहुणा नगरमध्ये वाफ्यांना पाणी घालत होता. पुढच्याच महिन्यात, २२ फेब्रुवारीला कस्तुरबा गेल्या.

आणि या सगळ्याहून मोठी गोष्ट म्हणजे बंगालचा दुष्काळ. १९४३ मध्ये कलकत्त्याच्या रस्त्यांवर माणसं भुकेनं पडून मरत होती. सरकारी चौकशी समितीनं मेलेल्यांचा आकडा पंधरा लाख धरला, नंतरच्या अभ्यासकांनी तो तीस लाखांपर्यंत नेला. पेपरमधून हे किल्ल्यात पोचत होतं. नेहरूंनी पुढं जे पुस्तक लिहिलं त्याच्या पहिल्याच प्रकरणात दुष्काळ येतो, तो उगाच नाही.

म्हणजे लाखो माणसं अन्नावाचून मरत असताना हे लोक आत फुलं लावत होते? हा प्रश्न कुणालाही पडेल. माझं मत असं की त्या अंगणात करण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं. भाषण करायला लोक नव्हते, पत्र लिहायची मोकळीक नव्हती, मदत पाठवायला रस्ता नव्हता. बाग करून बंगालमध्ये कुणाचं पोट भरलं नाही, हे खरं. पण बाग न करूनही भरलं नसतं. आणि रोज असहाय्य वाटणाऱ्या माणसाचं डोकं ठिकाणावर राहणं, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. तीन वर्षांनी याच अंगणातली माणसं देशाचं सरकार चालवायला बसणार होती.

हातानं काम करणं हा नेहरूंचा छंद होता असं म्हणणं मला म्हणूनच थोडं अपुरं वाटतं. छंद फावल्या वेळात करतात. इथं सगळाच वेळ फावला होता आणि तोच खायला उठत होता. नेहरू महिने मोजायचे ते चंद्रावरून. किल्ल्यात आले त्याच दिवसांत शुक्ल पक्ष लागला होता, त्यामुळे दर वेळी नवी चंद्रकोर दिसली की आणखी एक महिना गेला असं ते धरायचे. चंद्र, वाफे आणि ऋतू. घड्याळापेक्षा हे कॅलेंडर त्यांना जास्त उपयोगी पडलं असावं.

लिहायला त्यांचा हात का चालत नव्हता, यालाही कारण होतं. डेहराडूनला त्यांनी काही लिखाण सुरू केलं होतं, ते अर्धवट राहिलं होतं. मधल्या काळात जग एवढं बदललं की जुना धागा परत हातात येईना. नुसता भूतकाळ लिहायचा तर तो निर्जीव वाटे आणि वर्तमानावर लिहायचं तर रोज बातमी बदले.

शेवटी १३ एप्रिल १९४४ ही तारीख टाकून त्यांनी सुरुवात केली. आणि सुरुवातीलाच बाग आणली. नगरच्या मातीत कुदळ मारताना काय काय सापडलं, चांदबिबी, घुमट, दगडातलं कमळ, डेहराडूनचे फाशीचे खांब, हे सगळं त्या पहिल्या पानांवर आहे. आता कुदळ खाली ठेवून पेन उचललंय आणि जमिनीऐवजी देशाचा भूतकाळ खणायचा आहे, अशी त्यांची त्यामागची कल्पना. भारताचा शोध हे नाव आपण इतक्या वेळा ऐकलंय की त्यातला शोध हा शब्द गुळगुळीत झालाय. लिहिणाऱ्याच्या हाताला मात्र खणण्याचे घट्टे पडलेले होते.

पुढच्या पाच महिन्यांत, म्हणजे सप्टेंबरपर्यंत, हातानं लिहिलेली जवळपास हजार पानं झाली. संदर्भाला ग्रंथालय नव्हतं, पण शेजारच्या खोल्यांत आझाद, पंत, नरेंद्र देव आणि असफ अली होते. अरबी-फारसीपासून बौद्ध तत्त्वज्ञानापर्यंत काहीही विचारायची सोय. नेहरूंनी प्रस्तावनेत या चौघांचे आभार मानलेत आणि पुस्तक किल्ल्यातल्या सगळ्या सोबत्यांना अर्पण केलंय. खुद्द आझादांचं 'गुबार-ए-खातिर' हे उर्दूतलं गाजलेलं पत्रांचं पुस्तकही याच किल्ल्यात लिहिलेलं. पट्टाभींनीही इथं एक पुस्तक लिहिलं. एका अंगणातून एवढं साहित्य बाहेर पडल्याचं दुसरं उदाहरण चटकन आठवत नाही.

२८ मार्च १९४५ ला नेहरू, पंत आणि नरेंद्र देव यांना नगरहून हलवलं. नैनी, बरेली आणि मग अल्मोडा. एकतीस महिन्यांनंतर पहिल्यांदाच भिंतीपलीकडची झाडं, शेतं, रस्त्यावरची माणसं दिसली. बाग मागं राहिली. तुरुंगातल्या बागेचं हेच असतं, बी लावणाऱ्याला फुलं बघायला मिळतील याची खात्री नसते आणि मिळाली तरी ती सोबत नेता येत नाहीत. १५ जून १९४५ ला अल्मोड्याहून सुटका झाली. सलग १०४१ दिवस, त्यांचा नववा आणि सगळ्यात मोठा तुरुंगवास. १९४६ मध्ये कलकत्त्याच्या सिग्नेट प्रेसनं पुस्तक छापलं. मुखपृष्ठ करणारा तरुण चित्रकार होता सत्यजित राय. १९८८ मध्ये श्याम बेनेगलांनी त्यावर ५३ भागांची मालिका केली, ती आपल्यापैकी अनेकांच्या आईवडिलांनी रविवारी सकाळी बघितलेली असेल.

पुढची सतरा वर्षं पंतप्रधानपदाची. त्यात गुलाब होता, दिल्लीतल्या तीन मूर्ती भवनाची मोठी बाग होती, पण ती सांभाळायला माळी होते. नेहरूंनी स्वतः कुदळ हातात घेतल्याचे दिवस जवळजवळ सगळे तुरुंगातले आहेत, ही थोडी विचित्र वाटणारी पण खरी गोष्ट आहे. नऊ वेळचा तुरुंगवास मिळून भरतो ३२५९ दिवस. जवळपास नऊ वर्षं.

नगरचा किल्ला आज लष्कराच्या ताब्यात आहे आणि नेते जिथं राहिले त्या खोल्या जपून ठेवल्या आहेत. कधी गेलात तर नेहरूंची खोली बघाच, पण बाहेरच्या अंगणातही जरा वेळ थांबा. त्या जमिनीखाली घुमट आहेत.

१९५४ मध्ये नेहरूंनी मृत्युपत्र करून ठेवलं होतं. रक्षेतली मूठभर अलाहाबादला गंगेत सोडावी आणि बाकीची विमानातून शेतांवर उधळावी, म्हणजे ती मातीत मिसळून जाईल, असं त्यात होतं. २७ मे १९६४ ला ते गेले. त्यानंतरच्या महिन्यात रक्षा विमानांतून देशभरातल्या शेतांवर टाकण्यात आली.